उतारावर भरत जाणारी गाडी

पेट्रोलची गाडी घेऊन तुम्ही लोणावळ्याहून खोपोलीला उतरलात आणि खाली पोचल्यावर टाकीत पेट्रोल वाढलेले दिसले, असे कधी झाले आहे का? होणे शक्यच नाही. घाट चढताना जाळलेले पेट्रोल धूर होऊन गेले. उतरताना आपण ब्रेक दाबत राहिलो, ब्रेक तापले आणि ती उष्णता बोरघाटाच्या वाऱ्यावर विरून गेली. एवढ्या उंचीवर नेलेली गाडी खाली आली, पण त्या चढाईची एक दमडीही परत मिळाली नाही.

विजेच्या गाडीत मात्र मिळते. लोणावळ्याला ६० टक्के दाखवणारी बॅटरी, सावकाश घाट उतरलात तर, खोपोलीला ६१ किंवा ६२ टक्के दाखवू शकते. पंधरा-एक किलोमीटर गाडी चालली, आणि ऊर्जा कमी होण्याऐवजी वाढली!

अशी गाडी घेऊ पाहणाऱ्याच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. एका चार्जिंगमध्ये किती पळेल? भरायला किती वेळ? बॅटरी किती वर्षे टिकेल? पावसात शॉक बसणार नाही ना? सगळे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांच्या उत्तराची किल्ली याच घाटात आहे. या गाडीत ऊर्जा दोन्ही दिशांनी वाहते. जिथे ती परत येऊ शकते तिथे ही गाडी थक्क करते, आणि जिथे परत येऊ शकत नाही तिथे तिच्या मर्यादा सुरू होतात.

आधी घाटाचा हिशेब करू. माणसांसकट दीड टनाची गाडी साडेपाचशे मीटर उंचावर असते, तेव्हा निव्वळ त्या उंचीमुळे तिच्यात सव्वादोन युनिट ऊर्जा साठलेली असते. युनिट म्हणजे तुमच्या वीजबिलावरचेच युनिट. ते किती मोठे असते, याची कल्पना आहे? मुंबईच्या राजाबाई टॉवरची उंची सुमारे ८५ मीटर. तसे जवळजवळ तीन टॉवर एकावर एक ठेवले, तर तेवढ्या उंचीवर ही अख्खी गाडी उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे एक युनिट. काही रुपयांत आपण काय विकत घेतो, हे बिल भरताना कधी मनातही येत नाही.

घाट उतरताना त्या सव्वादोन युनिटांपैकी निम्म्याच्या आसपास हवा बाजूला सारण्यात आणि टायरच्या घर्षणात जातात. उरलेल्यातला मोठा भाग गाडी पकडते आणि बॅटरीत घालते. घाटाची वाट फुकट, वर अर्ध्या-पाऊण युनिटाची शिल्लक.

हा घाट अशा देवघेवीला जुना सरावलेला आहे. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळा-वळवणच्या तलावांतले पाणी पाइपांतून खाली सोडायचे, त्याच्या जोरावर चक्रे फिरवायची आणि ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना. उंचीवरून उतरणाऱ्या पाण्याची वीज होते, मग उतरणाऱ्या आगगाडीची का होऊ नये? १९२८ च्या सुमारास याच घाटासाठी ‘क्रोकोडाइल’ म्हणून ओळखली जाणारी विजेची इंजिने आली. दर ३७ फुटांना एक फूट चढणाऱ्या या मार्गावर ती मालगाड्या ओढत, आणि उतरताना वीज परत तारेत सोडण्याची सोय त्यांच्यात होती. त्यांतले ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात जतन करून ठेवले आहे. आज तुमच्या गाडीत जे घडते, ते त्या लोखंडी धुडात शंभर वर्षांपूर्वी घडत होते.

पण घडते कसे? उत्तर इतके सोपे आहे की पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. मोटर आणि जनित्र ही दोन यंत्रे नाहीतच, एकच यंत्र आहे. वीज दिली की ते फिरते. बाहेरून फिरवले की वीज देते. तारेजवळ चुंबक हलवला की तारेत वीज उमटते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. तरी या दोन बाजूंचे व्यवहारातले नाते जगाला ठळकपणे दिसायला १८७३ साल उजाडावे लागले. व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्राम यांनी बनवलेले एक जनित्र तारांनी चालत्या दुसऱ्या जनित्राला जोडले गेले, आणि ते कुणी न फिरवता आपोआप फिरू लागले. वीज बनवणारे यंत्र वीज खाऊन कामही करते, हे तिथे सगळ्यांना दिसले.

तुमच्या गाडीत हा बदल दिवसातून शेकडो वेळा होतो. पायाखालचे पेडल दाबा, बॅटरीतून वीज निघून मोटर चाके फिरवते. पाय उचला, आता चाके मोटरला फिरवतात आणि वीज उलटी बॅटरीकडे धावते. मध्ये बसलेला असतो इन्व्हर्टर. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहणारी, डीसी. मोटरला मात्र शेतातल्या पंपाला लागते तशी थ्री-फेज वीज हवी असते. इन्व्हर्टरमधले इलेक्ट्रॉनिक खटके सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून ती घडवतात, आणि उघडझापीची वेळ किंचित बदलली की प्रवाहाची दिशा फिरते. ना गिअर, ना क्लच, ना आवाज.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरू नका. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात, तर परत येणारी वीज ठेवायची कुठे? भरलेली बॅटरी ती घेत नाही, पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही आणि साध्या ब्रेकवर जास्त भार येतो. थोडी जागा ठेवून उतरा. दुसरी, गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेऊ नका. चाके फिरली की मोटर फिरते, आणि फिरणारी मोटर वीज बनवते, मग गाडी बंद का असेना. तिला ट्रकच्या पाठीवर चढवूनच न्यावे लागते.

आता सगळ्यात लाडक्या प्रश्नाकडे येऊ. किती पळेल?

एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ४५ युनिटांची, तीनेकशे किलो वजनाची बॅटरी जेवढी ऊर्जा साठवते, तेवढी जेमतेम ५ लिटर पेट्रोलमध्ये मावते. पाच लिटर! पेट्रोलची गाडी त्यात ऐंशी-नव्वद किलोमीटर जाईल. विजेची गाडी तेवढ्याच ऊर्जेत तीनशेच्या आसपास जाते. हा फरक येतो कुठून?

आगीतून. पेट्रोलचे इंजिन आधी उष्णता बनवते आणि मग उष्णतेचे गतीत रूपांतर करते. पण उष्णता पूर्णपणे गतीत बदलता येत नाही, हा निसर्गाचाच नियम आहे. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच त्याची सीमा आखून दिली. म्हणून इंधनातली तीन-चतुर्थांशाच्या जवळपास ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. मोटरमध्ये आगीचा टप्पाच नाही. बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग चाकांपर्यंत पोचतो.

मग कंपनीने सांगितलेला आकडा रस्त्यावर का मिळत नाही? तो आकडा ठरावीक चाचणीतून येतो. गाडी रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात, कमी करतात. त्यात द्रुतगती मार्गावरचा सलग शंभरचा वेग नसतो, खंबाटकी घाटाचा चढ नसतो, मे महिन्यातला एसी नसतो. म्हणून दाव्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश अंतर धरून प्रवासाचा बेत आखावा.

आणि इथे या गाडीची मर्यादा स्वच्छ दिसते. चढाला दिलेली ऊर्जा बरीचशी परत मिळते, वेग घेताना दिलेलीही थांबताना परत मिळते. हवेला दिलेली कधीच मिळत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात, तर वेग वाढला पावपट, पण दर किलोमीटरला हवेशी झुंजायची ऊर्जा दीडपटीहून जास्त झाली. म्हणून पेट्रोलच्या गाडीत आपण जे शिकलो, ते इथे उलटे होते. ही गाडी महामार्गापेक्षा शहरात जास्त पळते. सिग्नलला मोटर काही खात नाही, कारण ती फिरतच नाही. पुढे निघताना दिलेले पुढच्या सिग्नलला बरेचसे परत येते.

वाहतूक कोंडीत अडकलो तर? तेव्हा खर्च होतो तो मुख्यतः एसीचा, तासाला एक ते दीड युनिट. म्हणजे तासभर गारव्यात बसण्याची किंमत सात ते दहा किलोमीटर. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. मुंबईहून पुण्याला जाताना बॅटरी पुण्याहून येतानापेक्षा जास्त उतरते, तेव्हाही घाबरू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, गाडी ती उंची प्रामाणिकपणे चढली आहे.

आता भरण्याचा प्रश्न. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण ३ युनिट भरतात. ४५ युनिटांची रिकामी बॅटरी भरायला रात्र आणि सकाळही जाईल. पण रोज रिकामी होते कुठे? दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्याला सहा युनिट लागतात, दोन-तीन तासांचे काम. भिंतीवर ७ किलोवॉटचा चार्जर बसवला तर एक तासही पुरतो. अट एवढीच की मीटरपासून स्वतंत्र, जाड वायर आणावी, योग्य एमसीबी बसवावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्डवर मात्र गाडी कधीही लावू नये. आणि मीटरवरचे युनिट बॅटरीत पोचलेल्या युनिटांपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त दिसले तर दचकू नका. घरची सतत दिशा बदलणारी एसी वीज बॅटरीसाठी डीसी करताना तेवढी उष्णतेत जाते.

हे रूपांतर करणारे यंत्र गाडीतच असते, म्हणून ते लहान असते आणि सावकाश चालते. महामार्गावरच्या जलद चार्जरमध्ये तेच यंत्र कपाटाएवढे करून बाहेर ठेवलेले असते, आणि तयार डीसी थेट बॅटरीत जाते. म्हणून घरी रात्रभराचे काम तिथे तासाभरात होते.

पण ८० टक्क्यांनंतर तोच चार्जर अचानक मंदावतो. का? बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. रिकामी एसटी फलाटाला लागली की पहिले प्रवासी भराभर चढून बसतात. शेवटच्या चार जागा शोधताना मात्र प्रत्येकाला वाट काढत मागेपर्यंत जावे लागते. आयनांचे तसेच होते. तरी त्यांना मागून रेटले तर ते आत जाण्याऐवजी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच लिथियम धातू होऊन साचतात. ते बॅटरीला घातक असते. म्हणून गाडीतला संगणक चार्जरला हळू होण्याचा हुकूम देतो. प्रवासात ८० टक्क्यांवर सुटून पुढच्या थांब्यावर पुन्हा भरणे, हे शंभर टक्क्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा बहुतेक वेळा लवकर पोचवते.

गाडी खरेच हुकूम देते? हो, आणि यातच पावसाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चार्जिंगची गन हातात घेता, तेव्हा तिच्या मोठ्या पिनांमध्ये वीजच नसते. गन गाडीत बसली की एका बारीक पिनेतून सेकंदाला हजार ठोक्यांचा सौम्य संकेत जातो. ठोका किती लांब, यावरून चार्जर सांगतो की मी एवढा प्रवाह देऊ शकतो. गाडी उत्तर देते की मी तयार आहे. हा संवाद पुरा झाला की मगच मुख्य प्रवाह सुरू होतो. संवाद तुटला की प्रवाह तुटला.

गाडीच्या आतही तीच दक्षता. तीनशे-चारशे व्होल्टची मुख्य तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला कुठेच जोडलेली नसते. गळतीवर सतत पाळत असते आणि धोका दिसला तर बॅटरीला गाडीशी जोडणारे दोन्ही खटके उघडून प्रवाह तोडला जातो. बहुतेक बॅटऱ्यांना आयपी ६७ दर्जा असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवूनही आत पाणी जात नाही. तरी मुंबईच्या २६ जुलैच्या महापुरासारख्या पाण्यात गाडी घालण्याचा हा परवाना नाही. पुस्तिकेत लिहिलेल्या खोलीपेक्षा जास्त पाण्यात जाऊ नका, आणि गाडी बुडून निघाली असेल तर ती सुरू न करता सर्व्हिस सेंटरला कळवा.

एक आश्चर्य बॉनेटखाली लपलेले आहे. एवढी मोठी बॅटरी असूनही या गाडीत १२ व्होल्टची साधी छोटी बॅटरीही असते. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे ते खटके तिच्यावर चालतात. ती मेली, तर पोटात ४० युनिट असूनही गाडी जागी होत नाही. तिच्या वयाकडे लक्ष ठेवा.

राहिला सगळ्यात महागडा प्रश्न, बॅटरी टिकेल का? तिथेही तेच तत्त्व आहे, गेलेले परत यायला हवे. गाडी चालते तेव्हा आयन ग्रॅफाइटमधून निघून पलीकडच्या धातूच्या संयुगात जातात. चार्ज करताना परत येतात. ही ये-जा शक्य करणाऱ्या स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! आज अनेक गाड्यांमध्ये असणारी लोह-फॉस्फेटची बॅटरीही त्यांच्याच प्रयोगशाळेतून आली. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिली दोन नावे आहेत ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी.

बॅटरी म्हातारी होते, कारण प्रत्येक फेरीत थोडे आयन परत येत नाहीत. पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर एक थर चढतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तो थर नसता तर बॅटरी काही दिवसांत नासली असती. पण तोच थर हळूहळू जाड होतो आणि लिथियम गिळत राहतो. रक्षण करणारा आणि झिजवणारा एकच!

उष्णतेत हे काम वेगाने होते. म्हणून चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात सावली शोधा, आणि गाडी शंभर टक्के भरून दिवसचे दिवस उभी ठेवू नका. रोज ८० टक्क्यांपर्यंत भरणे चांगले. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला मात्र अधूनमधून पूर्ण भरावे लागते, नाहीतर किती शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. मोबाइलची बॅटरी तीन वर्षांत थकते म्हणून धसका घेऊ नका. मोबाइल रोज रिकामा होतो, आणि त्याला थंड ठेवणारे कुणी नसते. तुमची गाडी आठवड्यातून एखादी पूर्ण फेरी करते. अशा हजार फेऱ्या धरल्या, तरी तीन लाख किलोमीटर होतात. अनेक कंपन्या बॅटरीची आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, ती या हिशेबाच्या भरवशावर.

आणि बॅटरी थकली तरी संपत नाही. गाडी ओढायला कमी पडली, तर ती सौरऊर्जा साठवायला वापरता येते. त्यानंतरही तिच्यातले लिथियम नाहीसे झालेले नसते. पेट्रोल जळून गेले की गेले. इथे सगळे अणू आतच अडकून बसलेले असतात, आणि ते काढून नव्या बॅटरीत घालता येतात.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. महाराष्ट्राची वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशावर बनते, मग धूर फक्त मुंबईहून चंद्रपूरला हलवला का? आज त्याचा काही वाटा तिकडे जातो, हे खरे. पण पेट्रोलची गाडी ज्या दिवशी विकत घेतली, त्या दिवशीचीच राहते आणि पुढे मळतच जाते. विजेची गाडी वीज कुठली हे विचारत नाही. खोपोलीचे पाणी, साताऱ्याच्या पठारावरची पवनचक्की, तुमच्या गच्चीवरचे सौर पॅनेल, तिला सगळे सारखेच. तारेतल्या विजेत ऊन आणि वारा जसजसा वाढेल, तसतशी आज घेतलेली गाडी एकही भाग न बदलता स्वच्छ होत जाईल. पाच वर्षांनी ती आजच्यापेक्षा निर्मळ असू शकते. पेट्रोलच्या कुठल्या गाडीबद्दल असे कधी म्हणता आले होते?